भोंग्याने मागितलेला भाव

भोंग्याला हळू बोलता येत नसे. बायकोने वांग्यात मीठ कमी टाकलं तरी आमच्या सुरतच्या डिंडोलीतल्या खोल्यांच्या अख्ख्या ओळीला कळायचं. पोरीला किती मार्क पडले, पाहुणे किती दिवस राहणार, कोणाचं पोट बिघडलं, सगळं भिंतीपलीकडून माझ्या घरात यायचं. वीस-बावीस वर्षं बमरोलीच्या कारखान्यात लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, उभा राहिलेला माणूस. लूम चालू असताना कानाशी ओरडावं लागतं, आणि बंद झाल्यावरही तोंडाची सवय जात नाही. कान तर जातातच. माझ्या नवऱ्याचेही गेले होते, त्यामुळे मला नवल नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं. तो रागावला नाही. बरेच दिवस त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

कुठल्याशा सभेत तो ऐकून आला होता की मजुराला कमीत कमी किती द्यायचं हे सरकार ठरवून देतं. तेव्हापासून त्याला तेच वेड. अंडेवाल्याला विचारायचा, इस्त्रीवाल्याला विचारायचा, "तुला किमान वेतन मिळतं का?" मी दारात बसून साड्यांना लेस लावायची. मला म्हणाला, "मावशी, दिवसभराची तुझी मजुरी काढ बरं."

"मी काढते. देणार तू आहेस का?"

"मी कशाला देऊ? शेठने द्यायची."

"मग त्याच्या दारात ओरड. माझे कान कशाला खातोस?"

तो हसायचा आणि आपलं ठरलेलं वाक्य अहिराणीत म्हणायचा, "कागदवर शे, हातमा नही." कागदावर आहे, हातात नाही. त्याला लूमवर रोज नव्हता, मीटरवर भाव होता. किती मीटर कापड निघालं त्यावर पैसे. धागा तुटत राहिला, वीज गेली, ताप आला, की त्याचे मीटर कमी. कायद्याचा रोज आणि त्याचा रोज कधी जुळलाच नाही.

सुट्टीच्या दिवशी ओट्यावर वाद चालायचा. समोरच्या खोलीतला सुपडू त्याच कारखान्यात होता. तो म्हणायचा, "भाव वाढला तर शेठ लूम उचलून नवापूरला नेईल. मग बस टाळ्या वाजवत."

"नेऊ दे. आपण तिथल्या भाड्यात राहू. भाडं सुरतचं भरायचं आणि मजुरी खेड्याची घ्यायची, हे कुठलं गणित रे भो?"

"आणि मजुरी वाढली की घरमालक काय झोपून राहील?"

"म्हणून आपण उपाशी राहायचं? घरमालकाला भाडं वाढवायचा त्रास नको म्हणून?"

लोक हसायचे. मला दोघांचंही खरं वाटायचं, आणि म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

त्या दिवाळीला खोल्यांचं भाडं वाढलं. भोंग्याने बायकोला, सुनंदाला, सांगितलं, आणि अर्थात आम्हा सगळ्यांनाही, की मीटरचा भाव वाढला नाही तर तुम्ही दोघी गावी जा, मी चार कारीगरांत एका खाटेवर राहीन. पोर नववीत, गुजराती शाळेत होती. सुनंदा म्हणाली, "तिला मराठी धड लिहिता येत नाही. गावच्या शाळेत ती काय करेल, माशा मारेल?" सुनंदाला हे त्याला कितीदा सांगावं लागलं कोण जाणे. मला मात्र एकदाच ऐकून कळलं की गावी जाणं म्हणजे पोरीची शाळा संपणं. भोंग्यालाही ते कळत होतं. म्हणून तो पुढे झाला.

कारखान्यातल्या आठ जणांनी, त्यांत कुरकुरत सुपडूनेही, ठरवलं की सोमवारी सकाळी कोणीच लूम चालू करायचा नाही. आधी भाव, मग काम. हे गुपित ठेवायचं होतं. त्यासाठी ते आदल्या दुपारी आमच्या ओळीमागच्या मोकळ्या जागेत बसले. आठही लूमवाले, आठही अर्धे बहिरे. प्रत्येकाला वाटत होतं आपण कुजबुजतोय. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनी हंडे खाली ठेवून सगळी सभा ऐकली. मी जाऊन म्हटलं, "अरे, उधन्यापर्यंत ऐकू जातंय." भोंगा म्हणाला, "मावशी, हळू बोल, गुपित आहे."

मला हसू आलं. आता येत नाही. कारखान्याचा मुकादम मागच्याच गल्लीत राहायचा.

सोमवारी हे आठ जण गेले तर त्यांना दारातच अडवलं. आत त्यांच्या लूमवर नवे कारीगर उभे होते. शेठ बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "भाव वधशे तो माणस घटशे." भाव वाढला तर माणसं कमी होणार. त्याने भांडणही केलं नाही. नव्या माणसांना भोंग्याने शिव्या दिल्या नाहीत, हे मला सुपडूने सांगितलं. त्यांनाही पोटं होती. दोन दिवसांनी सात जणांनी माफी मागितली आणि आत गेले. सुपडूही गेला. भोंग्यालाही माफी मागायची होती, सुनंदाने त्याला हाताला धरून नेलं होतं. पण मुकादमाने फक्त त्याचाच आवाज ओळखला होता. शेठला एकाला तरी बाहेर ठेवायचंच होतं.

मग तो मजुरांच्या नाक्यावर उभा राहू लागला. ठेकेदार टेम्पोतून हाक मारायचा, "दोन जण या," आणि हाक पाठीमागून आली की भोंग्याला कळायच्या आत दोन जण चढलेले असायचे. संक्रांतीनंतर सुनंदा आणि पोर गावी गेल्या. पोरीने दप्तर बरोबर नेलं.

शेवटी त्याला सुरतेबाहेर, सचिन नावाच्या गावाला, एका कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली. बहिऱ्या माणसाला कोणी वॉचमन ठेवतं का? ठेवतं, स्वस्त मिळाला तर. आधीच्या म्हाताऱ्याने पगार वाढवून मागितला होता, त्याच्या जागी हा. मी त्याला तोंडावर विचारलं, "कुठे गेला तुझा कायदा?"

म्हणाला, "मावशी, मी कायदा मागितला तर त्यांना दुसरा बहिरा मिळेल."

त्याच वर्षी बमरोलीच्या कारखान्यात भाव वाढला. सुपडू पेढे घेऊन आला. पण एका माणसाने जितके लूम सांभाळायचे ते दुप्पट झाले, आणि निम्मे कारीगर घरी गेले. खोल्यांचं भाडं पुन्हा वाढलं. सुपडू आता म्हणतो, मी सांगत होतो. मी त्याला सांगते, गप्प बस, तू सांगून काय वेगळं झालं? पेपरात वाचते की मोठ्या शहरात मजुरी किती असावी यावर हुशार माणसं वाद घालतात. घालोत. आमच्या ओट्यावरही तोच वाद होता आणि तो कोणीच जिंकला नाही.

भोंगा पुढच्या पावसाळ्यात सचिनलाच तापात वारला. गावी न्यायला उशीर झाला होता, इथेच उरकलं.

फोनचं सांगायचं राहिलं. बायको-पोरीशी फोनवर बोलायला तो सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचा. त्याला फोनमधलं ऐकू येत नसे. मी फोन कानाला लावायची आणि पोर जे बोलेल ते त्याच्यासमोर तोंड करून सावकाश सांगायची. एका दुपारी पोर म्हणाली, "आजी, पप्पांना सांगा, मी शाळा सोडली. आईबरोबर कापूस वेचायला जाते. माझा रोज आईएवढाच देतात."

मी त्याच्याकडे बघून सगळं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही.

तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने उठून चपला घातल्या.

पोर तिकडून विचारत होती, "आजी, पप्पा काय बोलले?"

मी म्हटलं, "काही नाही."