सोमवारची कहाणी आणि पोराची जुनी सायकल

गवतातून चालून आलं की साडीच्या काठाला कुसळं लागतात. चालताना कळत नाही. घरी येऊन ओट्यावर बसलं, काठ मांडीवर घेतला, की मग एकेक वेचत बसायचं. आमच्या सोमवारच्या बायांचे किस्से तसेच. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. पण यंदा वेचायला बसले, तर टोचणारेच जास्त निघाले.

औंढ्यात, देवळामागच्या गल्लीत आम्ही पाच-सहा जणी आहोत. दर सोमवारी सकाळी नागनाथाचं दर्शन घ्यायचं आणि कौसाआक्काच्या ओसरीवर जमून कहाणी ऐकायची. कहाणी झाल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही, हा नेम. सांगायची आक्कानंच. बाकीच्यांनी मधूनमधून 'हूं' म्हणायचं. हुंकार नसेल तर कहाणी भिंतीला सांगितल्यासारखी, असं तिचं म्हणणं.

एकदा फुलांचं दुकान असलेल्या सिंधूला कहाणीतच डुलकी लागली. आक्काच्या ते लक्षात आलं. सूर न बदलता ती म्हणाली, "मग सिंधूनं दूध उतू घातलं, आन् नवऱ्याला उपाशी धाडलं."

सिंधू म्हणाली, "हूं."

त्या दिवशी महादेवालाही हसू आवरलं नसेल.

*

वैशाखात आक्काला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून तिचा मुलगा तिला थेट शेतातल्या घरी घेऊन गेला. ते घर सिद्धेश्वरच्या रस्त्याला, फाट्यावरून बरंच आत. फाट्यापर्यंत ऑटो जातो, पण भरल्याशिवाय हलत नाही, आणि फाट्यापासून पुढं पायीच.

पहिल्या सोमवारी आम्ही ओसरीच्या पायरीवर बसलो. दाराला कुलूप. शेवटी सिंधू म्हणाली, "आता कहाणी कोण सांगंल?"

मी म्हटलं, "मी सांगीन. पण आक्काजवळ जाऊन."

"जाशील कशानं?"

ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

*

आमच्या गच्चीवर, पत्र्याखाली, पोराची जुनी सायकल पडून होती. गिअरवाली, जाड टायरची. डोंगरात चालवतात म्हणे तसली. कॉलेजात असताना हट्टानं घेतली होती त्यानं. पुढं मोटारसायकल आली, मग पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, आणि सायकलवर कबुतरं बसू लागली.

मी लग्नाआधी सायकलवर शाळेत जायची. लग्नानंतर पायडलला पाय लावला नव्हता.

पोराला फोन केला. तो म्हणाला, "आई, ती भंगारात दे. मी दिवाळीत स्कूटी घेऊन देतो."

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत आक्का थांबंल का रे?"

मग तो म्हणाला, "हवा भरून बघ. टायरवर भेगा नसतील तर चालेल."

टायरवर भेगा होत्या.

*

बाबूभाईचं सायकलचं दुकान बसस्टँडच्या बाजूला आहे. त्यांनी चाक फिरवून बघितलं, ते अर्ध्यात अडकलं. हात पुसत म्हणाले, "भाभी, ये सायकल नहीं रही. याद है. घर ले जाओ."

"याद घेऊनच आले भाई. जेवढ्या कमी पैशात उभी राहील तेवढी करा."

त्यांनी कुठल्या कुठल्या मोडक्या गाड्यांमधून तिला एकेक अवयव काढून दिला. एक पायडल लाल, एक काळं. मागचा टायर एका मास्तरांच्या सायकलचा. गिअरचं मात्र त्यांनी काही ऐकलं नाही. चेन एकाच गिअरवर बसवली आणि बजावलं, "बस, इसी में चलाना. जुनी चेन आहे, जास्त जोर लावायचा नाही."

गंज काढणं माझ्याकडं होतं. देवाची तांब्याची भांडी घासतात तसं चिंच आणि मीठ लावून दोन दुपारी घासत बसले. आमचे हे वर आले, बघितलं आणि म्हणाले, "नैवेद्य कशाचा दाखवणार हिला?"

*

खरं तर पूजा केलीच मी. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि समईतलं उरलेलं तेल कापसानं सगळ्या सायकलीला लावलं. देवाचं तेल, वाया कशाला घालवायचं! चाकांच्या कडांना तर दोन हात दिले. छान चकाकत होत्या.

ब्रेकचे रबर नेमके त्याच कडांवर दाबले जातात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

देवळाच्या उताराला ब्रेक दाबले. चाकं फिरतच राहिली. मी नागनाथाचं नाव घेत थेट सिंधूच्या दुकानात शिरले आणि झेंडूच्या ढिगात थांबले.

सिंधूनं मला उठवलं, अंगावरच्या पाकळ्या झटकल्या. म्हणाली, "व्हय गं नंदाबाई, बेल न्यायला आलतीस का झेंडू?"

*

या सायकलीला मधे उंच दांडा. पाचवारी साडीत पाय पलीकडं जाईना. पंजाबी ड्रेस मी जन्मात घातलेला नाही. शेवटी सिंधूनं आपल्या सासूचं नऊवारी लुगडं आणून दिलं. "आमच्या म्हातारीनं याच्यात सारं रान खुरपलं. सायकल काय चीज हाय?"

पहिल्या दिवशी गल्लीतले एक आजोबा काठी टेकून उभे राहिले. "काहून वो सूनबाई, यस्टी बंद पडली का?"

मी घंटी वाजवली. तेवढी एक वस्तू त्या सायकलीवर नवी होती.

सायकल विसरत नाही म्हणतात. ती विसरत नसेल, गुडघे विसरतात.

*

पहिल्यांदा आक्काकडं पोचले तेव्हा तिची सून मीरा चूल पेटवत होती. आक्का खिडकीखाली खाटेवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे वर, पत्र्याकडं. मी हात हातात घेतला, बेलाचं पान उशाशी ठेवलं, अंगारा लावला. डोळे पत्र्यावरच.

"डॉक्टर म्हणले, तेंला समजतं का न्हाई ते सांगता येत न्हाई," मीरा म्हणाली. "पण घास गिळतेत तवर भेव न्हाई. गिळणं थांबलं का मंग नाकातून नळी. त्याच्या पुढचं देवाला ठावं."

मी कहाणी सांगितली. जिथं आम्ही 'हूं' म्हणायचो तिथं थांबत गेले. बाहेर शेळी ओरडली, तेवढंच.

परतताना बघते तर तीच शेळी सायकलच्या सीटवरची उशी ओढून ओढून खात होती. मीच जुन्या गोधडीची शिवली होती. मीराला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. शेळीनं तेवढ्यात उरलेली उशी संपवली.

*

मग सोमवार येत गेले. पहाटे दर्शन घ्यायचं आणि ऊन चढायच्या आत आक्काकडं. कहाणीत मुद्दाम चुका करूनही बघितल्या. राणीच्या जागी वाण्याची बायको घातली, वाण्याच्या जागी गुरव. एरवी आक्कानं माझा कान पिळला असता. तिची पापणीही हलली नाही.

घरी येऊन सांगितलं की आमचे हे पेपर खाली ठेवायचे. माणूस वाईट नाही, माझ्या गुडघ्यांची काळजी. एकदा म्हणाले, "तिला ऐकू येतं का तेही माहीत नाही. मग तू सांगतेस कुणाला?"

"महादेवाला."

"मग देवळात सांग की. घरापासून जवळ आहे."

त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं विसरले. त्यांनी ती तशीच खाल्ली.

*

आणि परवाचा सोमवार.

फाट्याच्या चढाला मी जोर लावला आणि चेन तुटली. मधे ना दुकान ना माणूस. तुटलेली चेन हँडलला बांधली आणि सायकल ढकलत निघाले. ऊन असं, की लुगड्याचा काठसुद्धा तापला. पोचले तेव्हा दुपार कलली होती.

मीरा वाटेवरच उभी होती. "काकू, आईनं सकाळपून घास घेतला न्हाई. दात घट्ट मिटून घेतलेत. पेज देऊन बघितली, दूध देऊन बघितलं. ह्ये गाडी आणायला गेलेत. हिंगोलीला न्यावं लागतंय."

आत गेले. आक्काचे डोळे पत्र्याकडं. ओठ दोऱ्यानं शिवल्यासारखे. म्हटलं, आता नळी घालतील. मग काय बोलायचं राहिलं? हात हातात घेतला. "गाडी येईस्तोवर सांगते गं," म्हणाले आणि सुरू केलं.

शब्द मागंपुढं होत होते. अर्ध्यात गाडी आली. तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. घाई कर म्हणाला नाही. मी कहाणी पुरी केली आणि हात जोडले.

सकाळची पेज वाटीत तशीच होती, वर साय धरलेली. मीरानं साय बाजूला केली आणि शेवटचं म्हणून चमचा तिच्या ओठांशी नेला.

आक्कानं तोंड उघडलं.

गिळलं. पुन्हा उघडलं.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मीरा दुसरा चमचा भरत होती.