मंद दिव्यांचा डबा

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे केलं त्याला दुसरं कारण शोधत बसायला नको.

मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारात एसटी थांब्यासमोर बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, मिक्सर, चक्कीच्या मोटरी, जळालेलं जे येईल ते, शिवाय घरांचं वायरिंग. दहावी झाल्यावर मी दुकानात बसले ती बसलेच. लग्नही कट्ट्यातच झालं, त्यामुळे सकाळची भाकरी-आमटी उरकली की दुकान. १९९८ साली धाकटी मालवणला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेली, तेव्हा मला तारेचे वेढे मोजायला लागून सात वर्षं झाली होती. तिला पाठवण्यात गैर काही नव्हतं. तिला गणितात चांगले मार्क होते, मला नव्हते. माझ्या ताटातलं कोणी काही ओढून घेतलं नव्हतं.

पण बाबांचं वागणं बघवायचं नाही. मी भरलेली मोटर सहा-सहा वर्षं चालायची आणि तक्रार आली नाही याचा अर्थ सगळं ठीक, एवढंच. धाकटी सुट्टीत घरी आली आणि चार दिवे लुकलुकणारं एखादं सर्किट तिनं टेबलावर ठेवली की बाबा समोरच्या चहावाल्याला हाक मारायचे. "अरे, ह्यां बघ आमच्या बायन काय केल्यान!" चहावाला चार ग्लास तसेच टाकून यायचा. माझी मोटर बघायला तो कधी आला नाही. मोटरीत बघायचं तरी काय असतं म्हणा.

डिप्लोमा झाल्यावर तिला कुडाळच्या एका कारखान्यात नोकरी लागली. रविवारी ती दुकानात येई. बाबा स्टूल पुसून देत. मला कोणी स्टूल पुसून दिल्याचं आठवत नाही.

२००९च्या सुमारास मिठबावच्या एका खानावळवाल्यानं किनाऱ्याला लागून मोठं जेवणघर बांधलं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, समुद्राची बाजू उघडी. पुण्या-कोल्हापूरची माणसं येणार, त्यांना जेवताना समुद्र दिसायला हवा, म्हणून त्याला दिवे मंद करता येतील असे हवे होते. तेही नवे एलईडीचे, कारण साध्या बल्बांना वीज फार लागते. आमच्या भागात असं काम तोवर कोणी केलं नव्हतं. धाकटीनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. नोकरीबाहेरचं तिचं हे पहिलंच काम. जेवणघर चांगलं झालं तर मागच्या बारा खोल्यांचे दिवेही तिलाच द्यायचे, असं खानावळवाला म्हणाला होता.

एका रविवारी तिनं दुकानात बाबांना तो डबा दाखवला. पत्र्याचा, पुस्तकाएवढा. आत ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आणि त्यांना घट्ट आवळलेला एक ट्रान्झिस्टर. डब्याला खाली भोकं, वर भोकं.

"काळोखात मासे खायत बसले तर काटो घशात नाय जावचो?" बाबांनी विचारलं.

"बाबा, काळोख नाय. अर्धो उजेड."

"अर्ध्या उजेडात अर्धो काटो."

दोघं हसली. मी एका मोटरीच्या आर्मेचरवर तार गुंडाळत वाकून बसले होते. मलाही हसू आलं होतं, ते मी गिळलं.

मग ती समजावून सांगायला लागली. पहिल्यांदा तिनं दिवे भराभर चालू-बंद करून मंद करायचं सर्किट बनवलं होतं. पण त्या उजेडात फिरत्या पंख्याची पाती उलटी फिरताना दिसतात, म्हणून खानावळवाल्यानं ते नको म्हटलं. म्हणून ही साधी रीत. "दिव्यांका जेवढी व्हयी तेवढी द्यायची. उरलेली वीज खंय जातली? ती नायशी होना नाय. ती हय गरम होवन भायर पडतली." बाबा "व्हय?" म्हणाले. पुढेही ती बरंच बोलली, बाबा मधे मधे "व्हय?" म्हणत राहिले. मी त्यांचे "व्हय" मोजत होते. ती काय सांगते आहे ते मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर हे लिहायचं कामच पडलं नसतं.

जेवणघराचं वायरिंग तिनं मला दिलं होतं. मोठ्या बहिणीला काम देते आहे, असं तिच्या मनात काही नसावं. तिला वायरिंग येत नव्हतं आणि मला येत होतं. पण मला ते लागलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेवटची जोडणी करायला मी मिठबावला गेले. धाकटी कुडाळला ड्यूटीवर होती. डबा तिनं आधीच भिंतीवर बसवून ठेवला होता, समुद्राकडे तोंड करून. पन्नास पावलांवर लाटा.

मी भोकांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, सापडली हिची चूक.

किनाऱ्यावरच्या वायरमनला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते. खारं वारं. तांब्यावर हिरवी बुरशी चढते, स्क्रू वर्षात विरघळतो. म्हणून आम्ही इथे डब्याला भोक म्हणून ठेवत नाही. बाबा पंपाच्या स्टार्टरमधल्या जोडांवर मेण वितळवून ओतत. मीही तेच शिकले. माझ्या पिशवीत मेणाचे तुकडे आणि भेगा बुजवायच्या सिलिकॉनची ट्यूब कायम असे. आणि हिनं, डिप्लोमावालीनं, समुद्राच्या तोंडावर चाळणी टांगली होती!

तिला फोन करून विचारता आलं असतं. मी नाही केला. मी डबा उघडला, तारांच्या जोडांवर मेण ओतलं, वरची खालची सगळी भोकं सिलिकॉननं बुजवली आणि झाकणाच्या कडेनंही एक रेघ मारली. काम सुबक झालं. तिला सांगायचं कधी तेही ठरवलं होतं. वर्षभरानं, बाबांच्या समोर. "तुझो डबो अजून चलता, तो कित्याक, म्हायत आसा?"

तपासून बघितल्याशिवाय मी काम सोडत नाही. दिवे पूर्ण उजेडावर लावले आणि तासभर बसले. डब्याला हात लावला तर गार. समाधानानं पाचची एसटी पकडून घरी आले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. त्याच्या पुढल्या सकाळी दुकानात खानावळवाल्याचा फोन आला. बाबांनीच घेतला. संध्याकाळी माणसं जेवायला बसल्यावर त्यानं दिवे अर्ध्यावर आणले. पाऊण तासात डब्यातून जळका वास सुटला आणि दिवे आपोआप फुल्ल झाले. मग बटण कसंही फिरवा, मंद होईनात. उघड्या दिव्याभोवती किडे जमले आणि ते सोलकढीत पडले. एक बाई ताटावरून उठून गेली.

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माका वाटलाच हुता. पुस्तकातला गणित खाऱ्या वाऱ्यात चलना नाय. शिकल्यान खूप, पण ह्या किनाऱ्यावरचा काम आमच्या थोरलीकच कळता. तू जा गो बाय, बघून ये."

अकरा वर्षं मी या वाक्यासाठी थांबले होते. ते आलं, आणि मला आनंद झाला. झाला नाही असं म्हणणार नाही. मिठबावची एसटी पकडली, खिडकीशी बसले आणि वाटेतल्या आचऱ्यापर्यंत ते वाक्य मनात परत परत ऐकत राहिले. आचऱ्याच्या पुढे मला मेण आठवलं.

डब्याखालच्या चिऱ्यावर मेणाचे दोन ओघळ उतरले होते. मेण वितळलं म्हणजे डबा किती तापला असेल, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. खानावळवाला आत स्वयंपाकघरात होता. मी स्क्रूड्रायव्हरनं भोकांतलं सिलिकॉन उकरून काढलं, कडेची रेघ सोलली, आतलं मेण खरवडलं आणि सगळं रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी घातलं. भिंतीवरचं मेणही खरडलं. चिऱ्यात मुरलेलं निघेना, म्हणून त्यावर ओली माती फासली. हे सगळं मी अगदी व्यवस्थित केलं.

खानावळवाल्याचा फोन धाकटीलाही गेला होता; दुपारी ती अर्धी रजा टाकून आली. तिनं डबा खाली उतरवला. भोकं उघडी, हवा जायला वाट, तरी ट्रान्झिस्टर जळून बसलेला. तिचा चेहरा उतरला. ती बाकावर बसली, वही काढली आणि पहिल्यापासून हिशेब मांडायला लागली. किती दिवे, किती वीज, अर्ध्या उजेडावर किती उरते, पट्ट्या किती उष्णता बाहेर टाकतात. हिशेब बरोबर आला. तिनं पान उलटलं आणि परत मांडला. पुन्हा बरोबर. मी समोर बसून चहा पीत होते.

खानावळवाला येऊन उभा राहिला. "मगे? काय ठरला? खोल्यांसाठी मी कोल्हापूरच्या माणसाक इचारून ठेवलंय हां."

धाकटीनं वही मिटली. "भाऊ, माजाच गणित चुकला असतला. ह्ये दिवे काढून टाका. साधे बल्ब लावून देतंय. खोल्यांचा त्येकाच द्या."

तिसऱ्यांदाही तिनं तो हिशेब मांडला असता तर तो बरोबरच आला असता. बरोबर आलेल्या हिशेबाला तिनं चूक म्हटलं आणि ते मला सहन झालं नाही. दया वगैरे आली असं नाही. मी स्वतः कधी बरोबर भरलेली मोटर चुकीची आहे असं म्हटलेलं नाही.

"तुझां गणित बरोबर आसा," मी म्हटलं. "भोकां मियां बुजवलंय."

रुमाल काढून बाकावर उघडला. सिलिकॉनचे तुकडे, काळं पडलेलं मेण. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"आणि तपासलंस नाय?"

"तपासलंय. तासभर. फुल्ल करून. गार हुतो."

"फुल्लार गारच आसतलो गो!" ती ओरडली. जेवणघरात पाट्या रंगवणाऱ्या माणसानं ब्रश थांबवला. "फुल्लार सगळी वीज दिव्यात जाता, उरना काय नाय! अर्ध्यार केलंस की दिवे कमी खातत आणि उरलेला सगळा डब्यात जळता. तेव्हा तो सगळ्यात जास्त तापता. रविवारी बाबांका ह्यांच सांगत हुतंय मां मी? तू थंयच हुतंस!"

"हुतंय. पण आयकलंय नाय."

"कित्याक?"

उत्तर मला माहीत होतं, पण परक्या माणसासमोर ते देण्याइतकी मी धीट नव्हते. खानावळवाला म्हणाला, "तुमच्या घरातली भांडणां कट्ट्याक नेवन करा. माका संध्याकाळी दिवे व्हये."

दिवे मिळाले. तिच्या पिशवीत दुसरा ट्रान्झिस्टर होता. डबा आम्ही समुद्राच्या बाजूनं काढून आतल्या भिंतीला लावला, थेट वारं लागणार नाही असा. मी तिला एवढंच विचारलं, की वाइंडिंगचं वार्निश आतल्या तारांच्या जोडांवर मारलं तर चालेल का, म्हणजे खार तांब्याला खाणार नाही आणि भोकंही उघडी राहतील. तिनं ट्रान्झिस्टर आणि ॲल्युमिनियम सोडून बाकीवर मार म्हटलं. माझ्याकडे न बघता म्हटलं. मग तिनं दिवे अर्ध्यावर आणले, मला डब्यापाशी उभं केलं आणि हात धरून डब्यावर ठेवला. चटका बसला. "ह्यां असांच व्हया," ती म्हणाली. मग ती कुडाळच्या गाडीला गेली, मी कट्ट्याच्या.

दुकानात बाबा वाट बघत होते. "चुकला मां गणित तिचा?"

खोटं बोलायला तीच वेळ होती. धाकटी घरी चुगली करणारी नव्हती. खानावळवाला कट्ट्याला येत नसे. सकाळचं ते वाक्य माझं मलाच राहिलं असतं.

"तिचा नाय. माजा चुकला. भोकां बुजवलंय आणि मेण ओतलंय."

बाबांनी चष्मा काढला. "तापणाऱ्या वस्तूर मेण? तुका मियां असा शिकवलंय?"

"नाय."

"मगे कित्याक?"

"तिका कायच कळना नाय असा दाखवचा हुता माका."

त्यांनी चष्मा धोतराच्या टोकानं पुसला. पुसून झाल्यावर फोन ओढला आणि धाकटीला लावला. ती पोचली का, जेवली का, खोल्यांचं काम राहिलं की गेलं. राहिलं होतं. बाबा हसले, दुकानभर ऐकू जाईल एवढं, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुका देवक सांगता."

"खोल्यांचा वायरिंग करतलंस?" धाकटीनं विचारलं.

"करतंय."

"डब्याक हात लावचो नाय."

मला राग आला. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि ती बोलली मीच धाकटी असल्यासारखी. पण बारा खोल्यांचं वायरिंग या भागात माझ्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी करणार नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

"नाय लावणार," मी म्हटलं आणि किती तार लागेल ते विचारलं.