चिरंजीवांचे गुण

संस्थेत त्यांना सगळे भोवरेकाका म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या कागदापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. काचेच्या लांबलचक पेटीतून पंपाने पाणी पळवायचं आणि त्यात बुडवलेल्या पत्र्याला ते किती ओढतं हे मोजायचं, हा काकांचा उद्योग. पत्र्याला घासून जाणाऱ्या पाण्यात बारीक भोवरे उठतात आणि जहाजाचं बरंचसं इंधन त्यांच्याशी झटापट करण्यातच संपतं, हे ते न्हाव्यालाही समजावत. त्यामुळे त्यांचे केस फार लवकर कापून होत.

साहेबांनी या खेपेला बजावलं होतं, सोमवारपर्यंत ओढ घटली नाही तर पेटी भंगारात आणि खोली कँटीनला.

काकांनी पत्र्याला मागे तोंड असलेली तिरकी भोकं पाडली. त्यांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या सोडून भोवरे मोडायचे. कुठलं भोक कधी उघडायचं, हे प्रोग्रॅमने चुकत-माकत स्वतःच शिकायचं. ओढ घटली की गुण, वाढली की गुण वजा. घरी या प्रोग्रॅमला ‘चिरंजीव’ म्हणत, कारण जेवताना काका त्याच्याच प्रगतीबद्दल बोलत. त्यांना एक मुलगीही होती. तिची प्रगती ती स्वतःच कळवी.

शनिवारी ओढ जवळजवळ शून्यावर आली. सगळ्यांनी पाठ थोपटली. काका घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने.

“चिरंजीव पहिले आले,” ते म्हणाले.

“मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?” काकूंनी विचारलं.

“अगं, इतके गुण आपल्या घरात कुणाला पडलेत?”

“तेही खरंच. कॉपी केली असेल.”

रविवारी काका पेटीला नाक लावून बसले. चिरंजीवांनी सगळी भोकं सताड उघडली होती. भोवरे जागच्या जागी मजेत होते. नुसत्या चिळकांड्यांच्या जोराने पत्रा पुढे रेटला जात होता आणि चिळकांड्यांचा पंप हात लावू देईना, इतका तापला होता. पंपाने खाल्लेल्या विजेचे गुण कापायला काकाच विसरले होते. त्यांनी ते कापले आणि चिरंजीवांना रात्रभर पुन्हा पहिलीत बसवलं.

सोमवारी साहेब आले.

“शून्य ना?”

काकांच्या डोळ्यांपुढे खोलीत मांडलेली कँटीनची टेबलं आली. ते म्हणाले, “ओढ शंभराची शहाण्णव झाली, साहेब. चार टक्के घट. शून्य खोटं होतं. भोवरे तसेच होते, पत्रा ढकलला जात होता.”

“चारच?”

“पंपाचा खर्च वजा जाऊन चार.”

साहेबांनी बाहेर कुणी आहे का ते पाहिलं. मग दार लोटून घेऊन म्हणाले, “मी शनिवारीच वर शून्य कळवलंय.”

“मग आजच फोन करून चार सांगा.”

“सांगतो. पण आता खोली काढून घेतली, तर शून्याचं काय झालं म्हणून वरचे मलाच धरतील.” साहेबांनी घाम पुसला. “चाराचे पाच कधी होतील?”

“शिकतोय तो.”

“शिकू दे,” साहेब म्हणाले आणि कँटीनसाठी स्वतःची बैठकीची खोली मोजायला गेले.