दुपट्यातला हिरवा चौकोन

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. शाळेतली सायन्स लॅब सांभाळण्यात जन्म गेला माझा... शेजारणीनं दारात लिंबू-मिरची बांधली तरी मला हसू येतं. पण गेल्या एप्रिलमध्ये, इथं जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी जे झालं ते आज लिहूनच काढते.

माझी मुलगी रूपा बाळंतपणासाठी आली होती. बाळाचं दुपटं मी जुन्या कपड्यांचंच शिवायला घेतलं. माझ्या सुती साड्या, ह्यांचे धुऊन धुऊन मऊ झालेले शर्ट, रूपाचे लहानपणीचे फ्रॉक. मधला चौकोन मात्र आमच्याकडे बाळाच्या पणजीच्या साडीचाच लागतो. आणि शेवटचे टाके आईकडच्या दोघीजणींनी समोरासमोर बसून घालायचे, एकटीनं दुपटं पुरं करायचं नाही. जिचं बाळ तिनं तर सुईला हातच लावायचा नाही.

आता घ्या! माझ्या आईची हिरवी इरकल बार्शीला, अक्काच्या ट्रंकेत. टाक्यांना लागणारी दुसरी बाईही तीच, माझी थोरली बहीण. आणि आम्ही अकरा वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आई गेल्यावर साड्या वाटून घेताना मी फाडकन बोलले होते, "आजारपणात फिरकली नाहीस, साडीला बरी धावत आलीस." ती इरकल उचलून उठली ती गेलीच.

रूपा म्हणाली, "आई, मावशीला एक फोन कर की."

"मेले तरी करणार नाही."

माझ्या पिवळ्या ड्रेसचा चौकोन कापून मध्ये ठेवला, कच्चे टाके घातले, मोबाइलवर फोटो काढला. म्हटलं, जेवून येते आणि एकटीच पुरं करते. बघू काय होतंय ते!

दाराला आतून कडी. घरात आम्ही दोघीच, स्वयंपाकघरात भाकरी आणि शेंगाचटणी खात बसलेल्या. वीसेक मिनिटांनी हॉलमध्ये आले आणि... अहो, मधला चौकोन हिरवा! एका बाजूला लाल काठ! टाके माझेच, दोरा माझाच, पण कापड आईच्या इरकलीचं. मोबाइल उघडला, तर फोटोत पिवळा तो पिवळाच.

रूपानं दुपट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मावशीला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात कोंबला.

"कोण? नंदी?" अक्काचा चेहरा समोर. केस पांढरेशुभ्र झालेले.

"अक्का, आधी ट्रंक उघड."

"का? आनि काय न्यायचं राहिलंय तुजं?"

"पाया पडते तुझ्या, उघड."

पुटपुटत तिनं कमरेची किल्ली काढली. साडी बाहेर आली, घडी मोडली... "अगं बया! कुनी कापली गं ही? वीतभर भोक पाडलंय! आन् ह्ये पिवळं काय हाय?"

तिनं ते कॅमेऱ्यासमोर धरलं. माझ्या ड्रेसचा चौकोन! मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अक्का हजर. पाणीसुद्धा न पिता तिनं साडी फरशीवर पसरली. मी कच्चे टाके उसवून हिरवा तुकडा सोडवला आणि भोकावर ठेवला. धाग्याला धागा जुळला! काठाजवळ आईच्या हाताचा जुना हळदीचा डाग होता, तो अर्धा साडीवर आणि अर्धा आमच्या तुकड्यावर. आम्ही तिघी टाळ्या पिटत हसत होतो, रडतही होतो. ह्यांनी तेवढ्यात चार वेळा मोबाइलवरचा फोटो झूम करून पाहिला.

मग तुकडा परत जागेवर लावला आणि अक्का अन् मी समोरासमोर बसलो. तिच्या बाजूनं ती, माझ्या बाजूनं मी.

"तुकडा कसा आला त्ये मरू दे, नंदे," ती खाली मान घालूनच म्हणाली. "त्ये मला कळायचं न्हाय, तुला बी न्हाय. पर अकरा वर्सं... बार्शी एवढी लई लांब हाय व्हय गं?"

दोन तासांची एसटी. दर थोड्या वेळानं सुटते.

बाळ आता तीन महिन्यांचं आहे. तो फोटो मी लॅबमधल्या सगळ्यांना दाखवला, फिजिक्सच्या सरांनासुद्धा. कुणालाच काही सांगता आलं नाही, मलाही नाही. पण खरं सांगू? त्या दिवशी अक्कानं बार्शी एवढी लांब आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मी नुसतं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिनं सुई बाजूला ठेवली.