विधानसभेच्या गॅलरीत माझी माय

माझी आजी गावात भाकर मागत फिरायची. गावाची मेलेली ढोरं ओढायची, सांगावे पोचवायचे आणि त्याच्या बदल्यात दारोदारची शिळी भाकर पदरात घ्यायची, ही आमच्या घराची पिढीजात कमाई. छप्पन साली घरची सगळी माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून पदर पसरणे बंद झाले. मानाने राहिलो, पण उपाशीही राहिलो. त्या हिवाळ्यात चुलीवर नुसती अंबाडीची भाजी शिजायची, असे माय (आई) सांगते. मी तेव्हा तिच्या कडेवर होते. आज मी आमच्या घरातली पहिली बी. ए. आहे, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पुढे काही वर्षांनी मायने वस्तीतल्या बायांचे मंडळ काढले. तालुक्याच्या दवाखान्यात खेड्यांवरून रोगी येत. रोग्याला जेवण मिळे, सोबतचे माणूस मात्र ओट्यावर उपाशी बसे. मंडळाने ठरवले, रोज प्रत्येक घरून एक भाकर. नियम एकच, पण कडक. भाकर त्याच संध्याकाळी भाजलेली हवी आणि घरचे जेवायच्या आधी बाजूला काढलेली हवी. एका सुनेने एकदा सकाळची दिली, तर मायने ती तिच्याच ताटात वाढली आणि समोर बसून खायला लावली.

यंदा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंडळाच्या अभिनंदनाचा ठराव येणार, असा आमच्या आमदारांचा निरोप आला. संध्याकाळच्या भाकरीसाठी निम्म्या बाया मागे ठेवून आम्ही पहाटेच्या एस. टी.त बसलो.

काटोल रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, मधूनमधून फुटलेला कापूस, त्यावर धुके. आमच्यातल्या कौतिकाबाईची जीभ पहाटेपासूनच सुटलेली. कंडक्टरने विचारले, कोण्या गावच्या लग्नाले चालल्या?

"सरकारनं बोलावलं हाय, बापा," ती म्हणाली. "तिकीट फाड आन् गाडी पळव. आमच्यावाचून थे अडून राहिले."

अख्खी गाडी हसली. माय तेवढी हसली नाही. खिडकीशी बसून तिने मला हळूच विचारले, "आपली भाकर कशी असते, थे बरोबर सांगतीन ना वं?"

मी म्हटले, आमदार शिकलेले आहेत, सांगतील. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

सीताबर्डीला उतरलो तेव्हा ऊन कोवळे होते. कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे (चण्याचा जहाल रस्सा घातलेले पोहे) खाल्ले. गाडीवाल्याने तर्री जरा जास्तच ओतली आणि कौतिकाबाईची बोलती पहिल्यांदा बंद झाली. तिथून पायी निघालो. अधिवेशनाचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर लाकडी अडसर, पोलिसांच्या रांगा, कुठून तरी मोर्चाच्या घोषणा. मला तर जत्रेत आल्यासारखे वाटत होते. एवढे मोठे झाडीचे रस्ते, पांढऱ्या गाड्या, आणि आम्हाला तिथे जायला पास.

विधान भवनाच्या फाटकावर शिदोरी अडली. आत खाण्याचे काही नेता येत नाही, शिपाई म्हणाला. मायने गाठोडे त्याच्याच हातात दिले आणि भूक लागली तर खाऊन घेजो, ठेचाही आहे, असे सांगून पुढे झाली. तो बिचारा गाठोडे धरून बघतच राहिला.

गॅलरीत जाण्याआधी आम्हाला बजावले होते. बोलायचे नाही, टाळी वाजवायची नाही, उभे राहायचे नाही. खाली सभागृहात एवढा गलका चाललेला की कौतिकाबाई माझ्या कानात म्हणाली, आमच्या नळावर बरं. दुपार कलली आणि आमच्या मंडळाचे नाव घेतले गेले. माझ्या अंगावर काटा आला. आमदार छान बोलत होते. गरीब भगिनी, निःस्वार्थ सेवा, वर्षानुवर्षे. आणि मग ते म्हणाले, "घरोघरच्या उरलेल्या भाकरी गोळा करून..."

माय उभी राहिली.

"उरलेली नाई, साहेब. ताजी हाय. आमी जेवाच्या आंधी काढतो."

महिला पोलीस धावत आली, तिने मायचे मनगट धरले. मी मायचा पदर ओढत होते, बस म्हणत होते. वाटले, आता आम्हाला बाहेर काढणार आणि ठरावही जाणार.

अध्यक्षांनी वर पाहिले. गॅलरीतून बोलता येत नाही, हे कामकाजात जाणार नाही, असे ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण नियम होता. माय बसली नाही. तिने हात जोडले, पण बसली नाही.

तेव्हा आमदार पुन्हा उठले. चेहरा उतरलेला. "अध्यक्ष महाराज, त्या बाई म्हणाल्या ते मी म्हणतो. माझे शब्द चुकले. उरलेल्या नव्हेत, ताज्या भाकरी. घरच्यांच्या आधी काढलेल्या. तशी दुरुस्ती करावी."

अध्यक्षांनी मान हलवली, दुरुस्तीसह ठराव वाचला, आणि दोन्हीकडच्या सदस्यांनी बाके वाजवली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पोलीस बाईने मनगट सोडले. मग माय बसली.

बाहेर आलो तर शिपायाने गाठोडे परत दिले, बरेच हलके झालेले. ठेचा झणझणीत होता, म्हणाला. पुढे दीक्षाभूमीवर गेलो. माय मातीला हात लावून बराच वेळ बसली. काय मागितले म्हणून विचारले, तर म्हणाली, "इथं कोनी मागाले येत नाई, बाई."

परतीच्या गाडीत सगळ्या संत्री सोलून एकमेकींना देत होत्या, कौतिकाबाई कंडक्टरला विधानसभा समजावत होती. मी विचार करत होते, मी शिकले, पदवी घेतली, आणि ऐन वेळी पदर ओढत राहिले. अडाणी माय उभी राहिली. पण ती आजवर अशीच उभी राहत आली म्हणूनच मी कॉलेजात गेले होते, हेही तितकेच खरे.

आमच्या वस्तीच्या बाया ताजी भाकर देतात. विधानसभेच्या कामकाजात आता तसेच नोंदलेले आहे.