काळ्यावर काळा दोरा

मामांची तीस वर्षं एकाच शिवणकारखान्यात गेली. शेवटची दोनेक वर्षं त्यांच्या वाट्याला पांढरंच कापड यायचं. सकाळी नळावर पाणी भरताना बाकीचे सहा कारागीर आपसात कामं वाटून घेत. साहेबांना त्यातलं काही कळत नसे, पण काम वेळेवर होई. मामांना वाटे, आपलं नशीब बरं.

मग नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर कामाची यादी लावली आणि नळावरच्या गप्पा बंद केल्या. पहिल्याच दिवशी मामांपुढे काळ्या कोटांचा गठ्ठा पडला. काळ्यावर काळा दोरा त्यांना दिसेचना. बाकीच्यांना हे केव्हाच ठाऊक होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

शेजारच्या मशीनवरची ताई पुटपुटली, "मामा, सरकवा इकडे. माझे शर्ट घ्या."

"अगं, यादी आहे ना."

"चुलीत गेली यादी!"

गठ्ठा सरकताना साहेबांनी पाहिला. "बाई, उद्यापासून येऊ नका."

मामा उठले. जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते सगळ्यांदेखत बोलले, "तिची चूक नाही, साहेब. मला दिसत नाही."

साहेबांनी यादीतलं मामांचं नाव खोडलं, ताईचं राहू दिलं. ताईने मान खाली घालून मशीन सुरू केलं.