जनूने भरलेली शेवटची बॅटरी

बातमी आली तेव्हा मी माइकवर होतो. मुरबाडजवळ क्रिकेटचे सामने चालले होते आणि मी एका बिचाऱ्या फलंदाजाची यथेच्छ टिंगल करत होतो. लग्नांत, जत्रांत, सामन्यांत बोलणं हाच माझा धंदा. खिशातला फोन थरथरला. शेणव्याहून सुमनवहिनी, जनूची बायको. "भावजी, चार्जर कधीचा बोंबलतोय, नि हे उठत नाय." माइक तोंडासमोरच होता... माझं "काय?" अख्ख्या मैदानाने ऐकलं.

जनू माझा वीस वर्षांपासूनचा मित्र. वाशिंदच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, निवृत्तीनंतर घरीच थर्माकोलची, रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा. भात कापून झालं की मोकळ्या खाचरांवरून आम्ही ती उडवायचो. दोन टक्कल पडलेले गृहस्थ, माना वर, तोंडं उघडी. बॅटरी चार्जिंगला लावली की तिच्याजवळून उठायचं नाही, हा त्याचा नियम. त्या सकाळीही तो खुर्चीत बसून राहिला. बॅटरी भरली, चार्जर टीं-टीं करत राहिला, आणि वहिनींना स्वयंपाकघरातून वाटत राहिलं, हा माणूस ते बंद का करत नाही...

विमानाच्या या बॅटऱ्या म्हणजे चपट्या, मऊ पाकिटासारख्या. म्हाताऱ्या झाल्या की फुगतात, आणि फुगलेल्या कधी पेट घेतील याचा नेम नाही. जनू संशयित बॅटरी खिडकीच्या जुन्या काचेवर ठेवून टिचकी मारायचा. सपाट असेल तर जागेवर बसायची, पोट आलेलं असेल तर भोवऱ्यासारखी फिरायची. मग अंगठ्याने दाबायचा, वास घ्यायचा, गोडसर वास आला की तडक अंगणात. "उडून आल्यावर गरम असताना फुगली तर दमली म्हणायचं," तो सांगायचा. "गार होऊनबी तशीच राहिली तर संपली."

धसईला मात्र मी त्याचं ऐकलं नाही. तिथल्या कार्यक्रमात मी माइकवरून विमानाची अशी काही जाहिरात केली होती की गावकरी छपरांवर चढून बसले. आणि ऐनवेळी जनूने बॅटरी दाबली. "नाय उडणार."

"जन्या, माझी इज्जत घालवशील. नुसती भाकरीसारखी फुगलीये."

"भाकरी फुगली की तव्यावरून उतरवतात रे, शहाण्या."

तो पाणी प्यायला वळला आणि मी ती बॅटरी विमानात बसवून टाकली. विमान उडालं. दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीत पोटातून धूर आला आणि जळतं थर्माकोल वालाच्या शेतात पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला! जनूने माती टाकून आग विझवली आणि परतताना फक्त एवढंच म्हणाला, "ज्याला उडवायचंय, त्याने ठरवायचं नाय." तेव्हापासून माझ्या बॅटरीचा निकाल त्याने द्यायचा, त्याच्या बॅटरीचा मी. स्वतःच्या बॅटरीसाठी तो माझ्यापुढे वकिलासारखा भांडायचा. "अजून एकदाच रे, वारा नाय आज." मी नाही म्हटलं की मुकाट द्यायचा.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. जनूच्या फोटोशेजारी, पत्र्याखालच्या फळीवर, त्याने त्या सकाळी भरलेली बॅटरी होती. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात अशी ठेवू नये, हे त्या घरात एकट्या जनूला माहीत होतं. ती गरोदर बाईसारखी फुगली होती. आणि त्याच फळीखाली वहिनींची खाट.

"रोज जराशी वाढते," त्या हळूच म्हणाल्या. "श्वास घेतल्यागत."

एरवी अशा वेळी मला विनोद सुचतो. "वहिनी, ही घरात नको. पेटेल."

"त्यांनी भरलेला करंट हाय त्यात, भावजी. त्यांचं बाकी सगळं नेलं तुमी लोकांनी, स्मशानात नेलं. हे ऱ्हाऊ दे."

मी खाटेवर बसलो. उगाचच म्हणालो, "वाटल्यास उडवू या? एकदाच?" मला खरंच उडवायची होती. त्याचं विमान, त्याचा करंट, शेणव्याच्या आभाळात... "उडवायचंय तुमाला," वहिनी म्हणाल्या. "मग तुमी ठरवायचं नाय. मी ठरवते." त्यांनी स्वतः अंगठा ठेवला, हलकेच दाबला. बराच वेळ अंगठा उचलला नाही.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "नि फुगलेलीच हाय. न्या भाईर."

वास नव्हता, तेवढंच नशीब. अंगणात एका सुट्या कौलावर वाळू पसरून तिच्यावर बॅटरी ठेवली आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा छोटा दिवा तारांनी जोडला, म्हणजे करंट सावकाश उतरून जातो. भर दुपारी दिवा लागला. वहिनी ओट्यावर लांब बसल्या.

"उडवलं असतं तर किती वेळ पुरला असता?"

"आठ-दहा मिनिटं."

दिवा दोन तासांच्या वर जळला. वहिनी उठल्या नाहीत. मी पाणी दिलं ते तसंच राहिलं. उन्हात तो उजेड नीट दिसतही नव्हता, तळहाताची सावली धरून बघावा लागायचा. मग दिव्यातली बारीक तार तांबूस झाली, मग काळी. मी तारा सोडवल्या. बॅटरी निकामी वस्तू घेणाऱ्याकडे द्यायला गाडीत ठेवली आणि दिवा खिशात टाकणार, तेवढ्यात वहिनींनी हात पुढे केला.

"कोमट हाय अजून," त्या म्हणाल्या, आणि तो दिवा मुठीत घट्ट धरून घरात गेल्या.